गटापारच्याचा चेंडू आणि चार गावं: स्कॉटलंडमधले पाच दिवस

गोल्फ जिथे वाढलं ती लिंक्स म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. पुळण संपली आणि शेती अजून सुरू झाली नाही, त्या मधल्या पट्ट्यातली वाळूची, उंचसखल, नांगराला निरुपयोगी जमीन. आपल्याकडे तिथे सुरू आणि केवडा वाढतो, स्कॉटलंडमध्ये आखूड, चिवट गवत. मेंढ्या ते मुळापर्यंत कुरतडतात. वाऱ्याच्या आडोशाला त्या जिथे अंग चोरून बसत, तिथली वाळू उघडी पडली आणि तेच पहिले बंकर झाले, असं मानतात.

१८५० ते १९०० या पन्नास वर्षांत अशा जमिनीवर गोल्फचं जवळजवळ सगळं ठरलं: स्पर्धा, होलचा व्यास, काठ्यांचे आकार, कॅडीचं म्हणजे काठ्या वाहणाऱ्या सोबत्याचं काम. त्या खुणा पाहायला चार गावं पुरतात. आम्ही मे महिन्यातले बुधवार ते रविवार घेतले. मेमध्ये उजेड रात्री नऊ-साडेनऊपर्यंत टिकतो आणि गॉर्स फुललेला असतो. हे झुडूप म्हणजे बाभळीची फुलं आणि निवडुंगाचा स्वभाव. चेंडू त्यात गेला तर गेला म्हणावं. रविवार शेवटी ठेवण्याचं कारण पुढे येईलच.

बुधवार: प्रेस्टविक

ग्लासगो सेंट्रलवरून लोकल गाडीने पाऊण-एक तास. प्रेस्टविक नावाची दोन स्थानकं आहेत. विमानतळाच्या स्थानकावर उतरू नका, पुढच्या प्रेस्टविक टाउनवर उतरा. तिथे रुळांच्या कडेची दगडी भिंत हीच मैदानाची हद्द आणि पहिल्या होलचं नाव ‘रेल्वे’. उजवीकडे चेंडू वाकला की तो थेट रुळांवर. हा योगायोग नव्हे. गोल्फ गावाबाहेर पसरलं ते आगगाडीमुळे. शनिवारी दुपारी कचेरी सोडून संध्याकाळी परत येता येणं ही त्या काळातली नवी चैन होती.

प्रेस्टविकचा क्लब १८५१ चा. सेंट अँड्रूजहून टॉम मॉरिसला (पुढे ‘ओल्ड टॉम’) मैदान सांभाळायला बोलावलं. त्याने मिळालेल्या चिंचोळ्या जागेत बारा होल बसवले. (होल म्हणजे चेंडू घालायचा खळगा आणि पहिल्या फटक्यापासून तिथवरचा टप्पाही.) एकूण लांबी ३,७९९ यार्ड, आणि मार्ग एकमेकांना छेदणारे. म्हणजे आपला फटका मारायचा आणि दुसऱ्याचा चुकवायचा. अठरा होल इथे १८८० च्या दशकात झाले, त्यामुळे आजच्या नकाशावर जुनं मैदान शोधायचं तर क्लबहाउसजवळच्या दगडी स्तंभापासून सुरुवात करावी लागते. १८६० चा पहिला फटका तिथून मारला गेला. तिथून आजच्या सोळाव्या ग्रीनकडे, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीकडे, पाहिलं की जुना पहिला होल दिसतो, ५७८ यार्डांचा.

त्या दिवसाची गोष्ट थोडक्यात अशी. ॲलन रॉबर्टसन हा त्या काळातला सर्वमान्य पहिल्या नंबरचा खेळाडू १८५९ मध्ये वारला. आता पहिला कोण, हे ठरवायला १७ ऑक्टोबर १८६० रोजी आठ व्यावसायिक खेळाडू इथे जमले. हीच पहिली ओपन स्पर्धा. बारा होलच्या तीन फेऱ्या, सगळ्या एकाच दिवशी. मसलबराच्या विली पार्कने १७४ फटक्यांत बाजी मारली, ओल्ड टॉमचे १७६ झाले. बक्षीस पैशाचं नव्हतं. लाल मोरक्को चामड्याचा, चांदीच्या बकलाचा एक पट्टा, तोही वर्षभरापुरता. सलग तीनदा जिंकणाऱ्याला मात्र तो कायमचा मिळणार होता. ओल्ड टॉमच्या मुलाने, ‘यंग टॉम’ने, १८६८, १८६९ आणि १८७० मध्ये जिंकून तो घरी नेला. बक्षीसच उरलं नाही म्हणून १८७१ मध्ये स्पर्धा झाली नाही. मग तीन क्लबांनी दहा-दहा पौंड काढून चांदीचा जग करायला टाकला. आज जगभर दाखवतात तो क्लॅरेट जग हाच.

१८७० मध्ये यंग टॉमने हा ५७८ यार्डांचा होल तीन फटक्यांत संपवला. तेव्हाचा गटापारच्याचा, म्हणजे झाडाच्या चिकाचा, चेंडू चांगला बसला तर १८० ते २०० यार्ड जाई. म्हणजे तीन उत्तम फटक्यांनी जेमतेम ग्रीनवर पोहोचावं असं अंतर, आणि याचा तिसरा फटका थेट होलमध्ये. स्तंभापाशी उभं राहून ते अंतर डोळ्यांनी मोजल्याशिवाय या आकड्याची किंमत कळत नाही.

जुन्या मैदानाचं जिवंत अवशेष पाहायचं तर सतरावा होल, ‘आल्प्स’. मधे वाळूचा डोंगर, पलीकडे ‘सहारा’ नावाचा बंकर आणि त्यामागे ग्रीन. मारणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. पुढच्यांनी ग्रीन सोडलं की घंटा वाजवायची, मग मागच्यांनी मारायचं. पाचव्या होलचं नाव ‘हिमालय’. उंची बेताचीच आहे, पण नाव ठेवणाऱ्याचा उत्साह दांडगा.

वाऱ्याने दुपारी उभं राहू दिलं नाही. क्लबच्या एका वयस्क सभासदाने आपणहून येऊन वाळूचा किस्सा सांगितला. एका खराब ग्रीनवर ढकलगाडीतली वाळू सांडली, ती तशीच राहिली आणि तिथलं गवत सगळ्यांत दाट आलं. तेव्हापासून ओल्ड टॉमचं औषध एकच, वाळू. गवताची मुळं उघडी पडत नाहीत, पाणी तुंबत नाही, पृष्ठभाग समतल राहतो. जगभरातली ग्रीन्स आजही हेच औषध घेतात.

क्लब खाजगी आहे. खेळायचं नसेल तर आधी ईमेल करून वेळ मागावी. स्कॉटलंडच्या कायद्याने गोल्फ मैदान पायी ओलांडायचा हक्क सगळ्यांना आहे, पण तो फक्त ओलांडण्यापुरता. ग्रीन आणि टीवर (पहिला फटका मारायच्या जागेवर) पाय ठेवायचा नाही आणि कुणी मारत असेल तर थांबायचं.

गुरुवार: मसलबरा

एडिनबराहून बसने जावं. रेल्वे स्थानक लिंक्सपासून लांब पडतं. नाव ‘मसलबर्ग’ असं वाचलंत तर कंडक्टर हसेल, ‘मसलबरा’ म्हणायचं. निघण्यापूर्वी घोड्यांच्या शर्यतींचं वेळापत्रक पाहून घ्या, कारण नऊ होलचं हे जुनं मैदान रेसकोर्सच्या आतच आहे आणि शर्यतीच्या दिवशी बंद असतं.

१८७४ ते १८८९ या काळात दर तिसऱ्या वर्षी ओपन स्पर्धा इथे झाली, एकूण सहा वेळा. नऊ होल चारदा खेळले की छत्तीस. एवढ्याशा जागेवर एडिनबराचे मातब्बर क्लब आणि मसलबराचा स्वतःचा, असे चार क्लब खेळत. १८८९ च्या स्पर्धेत शेवटचे गट पोहोचेपर्यंत अंधार पडला होता आणि रस्त्यावरचे दिवे लागले होते. या गर्दीला कंटाळून ऑनरेबल कंपनी हा सगळ्यांत दबदब्याचा क्लब १८९१ मध्ये म्युरफील्डला निघून गेला आणि जाताना स्पर्धाही घेऊन गेला. मसलबरा तेव्हापासून मागे पडलं ते पडलंच. खरं तर म्हणूनच ते पाहण्यासारखं राहिलंय.

इथे जुन्या पद्धतीच्या, हिकरीच्या दांड्याच्या काठ्या भाड्याने मिळतात. पाच-सहा पुरतात. ब्रासी ही लाकडी डोक्याची, तळाला पितळेची पट्टी. रस्त्यावरच्या खड्यांनी लाकूड झिजू नये म्हणून. मॅशी आणि निब्लिक लोखंडी. पहिली मध्यम अंतराला, दुसरी वाळूतून आणि खड्ड्यातून चेंडू काढायला. शिवाय पटर, ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवायला. पिशवीची सवय १८९० च्या सुमारास लागली. तोवर कॅडी सगळ्या काठ्या मोळीसारख्या बगलेत धरून चालत असे.

त्याआधीची काठी कशी बने ते हातात घेऊन पाहावं. डोकं लांबट, होडीच्या नाळेसारखं, बीचच्या लाकडाचं. मागे खाच कोरून त्यात वितळलेलं शिसं ओतत. तळाच्या पुढच्या कडेला मेंढ्याच्या शिंगाची पट्टी, लाकडी खुंट्यांनी बसवलेली. दांडा आधी ॲशचा, मग अमेरिकेतून येणाऱ्या हिकरीचा. सांध्याला दोन्हीकडे तिरपा काप घेऊन सरसाने चिकटवत आणि वरून डांबर लावलेला दोरा घट्ट गुंडाळत. ही नाजूक डोकी पिसांच्या, म्हणजे चामड्यात पिसं ठासलेल्या, जुन्या चेंडूला चालून गेली. गटापारच्याचा टणक चेंडू आला तशी ती तडकू लागली. मग डोकं आखूड आणि जाड झालं, तोंडावर चामड्याचा तुकडा बसू लागला आणि लोखंडी काठ्या वाढल्या. पिसांच्या चेंडूचं चामडं लोखंडाने फाटत असे, म्हणून आधी त्या जपून वापरत. नव्या चेंडूला ती भीती नव्हती. काठ्यांचा सगळा बदल चेंडूमागून आला.

हिकरीने खेळताना नेहमी चुकतं ते एकच: घाई. दांडा नुसता वाकत नाही, पिळतोही. जोर लावला की डोकं मागे राहतं, तोंड उघडं पडतं आणि चेंडू उजवीकडे जातो. पाऊण ताकद लावावी आणि वर थोडं थांबून खाली यावं. लोखंडी काठी जमिनीत घुसवू नये, दांडा मोडतो. चेंडू आजच्यांपैकी मऊ जातीचाच घ्यावा. पावसात सांध्यावरचा दोरा सैल होतो. काठी परत करताना पुसून द्यावी.

चेंडू ठेवायचा उंचवटा, त्यालाही टीच म्हणतात, तो मात्र वाळूचाच करून पाहिला. तिथल्या एका म्हाताऱ्या खेळाडूने दाखवला. ओल्या वाळूची चिमूट तीन बोटांत दाबायची, उलटी ठेवायची, टोक अंगठ्याने किंचित बसकं करायचं. उंची जेमतेम अर्धा इंच. वाळू कोरडी असेल तर ढासळते, फार ओली असेल तर चेंडूला चिकटून येते. जुने लोक ही वाळू आधीच्या होलच्या तळातून काढत, आणि टीसुद्धा त्या होलपासून एक-दोन काठ्यांच्या अंतरावर. त्यामुळे संध्याकाळपर्यंत होल कोपरभर खोल आणि कडा ढासळलेल्या. आपण गोट्यांसाठी टाचेने गल करतो तशीच दशा. मसलबराकरांनी १८२९ मध्ये यावर उपाय म्हणून होल कापायचं लोखंडी यंत्र करून घेतलं. त्याचा व्यास सव्वाचार इंच. १८९१ मध्ये हेच माप सगळीकडे नियम झालं आणि आजही जगातला प्रत्येक होल १०८ मिलिमीटरचा आहे. ते यंत्र रॉयल मसलबरा क्लबमध्ये, प्रेस्टनग्रेंजला ठेवलंय.

आणखी एक नोंद, कोळीवाड्यात वाचून दाखवावी अशी. १८११ च्या नववर्षदिनी इथल्या मासळीवाल्या बायकांची गोल्फ स्पर्धा ठेवायचं क्लबने ठरवलं. बक्षीस मासळीची नवी टोपली आणि शाल, शिवाय बार्सिलोनाचे दोन रेशमी रुमाल.

परतताना हाय स्ट्रीटवर लुकाचं आइस्क्रीम. थंडी होती, तरी रांग होती.

शुक्रवार: नॉर्थ बेरिक

एडिनबरा वेव्हर्लीहून अर्धा तास. इथेही ‘बर्विक’ नव्हे, ‘बेरिक’. सकाळी हार उतरलं होतं. पूर्व किनाऱ्यावरच्या समुद्री धुक्याला इथे हार म्हणतात. ऊन असतानाच ते पाण्यावरून सरकत येतं आणि पाच मिनिटांत समोरचा बास रॉक खडक गायब होतो. अंगात वारा अडवणारं जाकीट हवंच, मे असो वा जुलै.

वेस्ट लिंक्सवर दोन गोष्टी बघाव्यात. तेराव्या होलला ग्रीनच्या अलीकडे कमरेएवढी जुनी दगडी भिंत आहे. मैदान आखताना ती काढली नाही, तिच्यावरून मारायचं ठरलं. आणि पंधरावा, ‘रेडान’. क्रिमियाच्या युद्धातल्या बुरुजाचं हे नाव. ग्रीन तिरपं, समोरच्या उजव्या कोपऱ्यातून मागच्या डाव्या कोपऱ्याकडे उतरतं, आणि डावीकडे पुढ्यात खोल बंकर. झेंड्यावर नेम धरला की चेंडू बंकरमध्ये जातो किंवा मागे घरंगळतो. उजवीकडे अलीकडे टाकून उतारावर सोडून द्यायचा, तो आपोआप पोहोचतो. जगात सगळ्यांत जास्त नक्कल झालेल्या होलांपैकी हा एक. मूळ पाहिल्यावर नकला फार नीटनेटक्या वाटतात.

याच मैदानावर सप्टेंबर १८७५ मध्ये मॉरिस बापलेक आणि विली व मंगो हे पार्क बंधू यांचा सामना चालू होता. शेवटचे होल उरले असताना सेंट अँड्रूजहून तार आली: यंग टॉमची बायको मार्गारेट बाळंतपणात अत्यवस्थ आहे. सामना संपला, मॉरिस जिंकले. सेंट अँड्रूज इथून फोर्थच्या खाडीपलीकडे, पण खाडीवरचा पूल व्हायला अजून पंधरा वर्षं होती. आगगाडीने जायचं तर एडिनबरा, मग ग्रँटनहून फेरीबोट, पलीकडे पुन्हा गाडी. कुणीतरी आपली शिडाची होडी दिली आणि बापलेक तिने निघाले. घरी पोहोचेपर्यंत आई आणि बाळ दोघंही गेले होते.

बंदरावर उन्हाळ्यात लॉबस्टरचं एक छोटं दुकान असतं. लसूण-लोण्यातला अर्धा लॉबस्टर आणि बटाट्याचे काप. धुकं दोन वाजता फाटलं आणि पलीकडे फाइफचा किनारा दिसला.

शनिवार: सेंट अँड्रूज

गाडी फोर्थच्या लाल पुलावरून जाते. १८९० चा तोच पूल. डाव्या-उजव्या खिडकीसाठी भांडू नका, दोन्हीकडे खाडीच आहे. सेंट अँड्रूजला आता रेल्वे नाही. लूकर्सला उतरून ९९ नंबरची बस घ्यावी. ‘ल्यूचर्स’ म्हटलं तर कुणाला कळत नाही.

आधी गोल्फचं संग्रहालय, आर अँड ए या इथल्या जुन्या क्लबच्या क्लबहाउसमागे. चेंडूंची कपाटं सोडून बाकी भरभर पाहिलं तरी चालेल.

पिसांचा चेंडू असा होई: चामड्याचे तुकडे तुरटीच्या पाण्यात मऊ करून उलट बाजूने शिवायचे, लहानसं तोंड ठेवून पिशवी सुलटी करायची. उकडलेली हंसाची पिसं, उंच हॅटभर, छातीने रेटा देत लोखंडी सळईने आत ठासायची आणि तोंड शिवायचं. वाळताना चामडं आकसतं, पिसं फुगतात, चेंडू दगडासारखा होतो. दिवसाला तीन-चार झाले तरी खूप. पिसांच्या धुळीने कारागिरांची छाती जाई. किंमत अडीच ते पाच शिलिंग, आणि पावसात टाका उसवला की पिसं वाऱ्यावर.

गटापारच्याचा चेंडू १८४८ च्या सुमारास आला. जुन्या मराठी घरांतल्या गटापारच्याच्या बाहुल्या आठवत असतील. मूळ गटापारचा म्हणजे मलायातल्या एका झाडाचा वाळवलेला चीक. सेंट अँड्रूजची आख्यायिका अशी की पूर्वेकडून एका पाद्र्याच्या घरी विष्णूची मूर्ती आली, तिच्याभोवती फुटू नये म्हणून या चिकाचे तुकडे भरले होते आणि त्यांचाच पहिला चेंडू वळला गेला. कृती सोपी. कांडीचा मापाने तुकडा कापायचा, गरम पाण्यात मऊ करायचा, तळहातात लाडवासारखा वळायचा आणि गार पाण्यात फिरवत ठेवायचा, नाहीतर एका बाजूने बसतो. पुढे लोखंडी साचे आले. चेंडू काही महिने मुरवून मग पांढरा रंग. न मुरलेला मऊ पडतो, कडक थंडीत फुटतो. फुटला तर सगळ्यांत मोठा तुकडा पडेल तिथून नवा चेंडू खेळायचा, असा नियमच होता. किंमत शिलिंगभर, आणि जुने चेंडू वितळवून पुन्हा वळता येत. गोल्फ शिंप्या-सुतारांच्या आवाक्यात राहिलं ते यामुळे.

पहिले गुळगुळीत चेंडू मात्र हवेत डुबकी मारत. काठीचे घाव बसलेले जुने चेंडू सरळ जातात हे कॅडींच्या लक्षात आलं, आणि मग नव्या चेंडूवर हातोडीने मुद्दाम चरे पाडू लागले. आजच्या चेंडूवरच्या खळग्यांचा उगम त्या घावांत आहे. कपाटातल्या काही चेंडूंवर २७½ असा शिक्का दिसतो. ते पेनीवेट, म्हणजे जवळपास ४३ ग्रॅम. ओल्ड टॉमचं आणि रॉबर्टसनचं बिनसलं ते या चेंडूवरूनच. रॉबर्टसनचं पोट पिसांच्या चेंडूंवर, आणि त्याच्याच हाताखालचा टॉम नव्या चेंडूने खेळताना सापडला. म्हणून तर टॉम प्रेस्टविकला गेला आणि १८६० च्या दशकाच्या मध्यावर परत आला, सालाना ५० पौंडांवर.

संध्याकाळी समुद्राकडच्या बाजूला ‘हिमालय’. प्रेस्टविकचा नव्हे, हा दुसरा. १८६७ मध्ये बायकांच्या क्लबसाठी आखलेलं उंचवट्यांचं पटिंगचं मैदान. बायकांनी काठी खांद्याच्या वर उचलणं तेव्हा अशोभनीय मानत, म्हणून त्यांच्या वाट्याला फक्त पटिंग. थोडे पैसे भरून कुणालाही खेळता येतं, पटर आणि चेंडू तिथेच मिळतो. समोरच्या आजीबाईंनी दोन टेकड्या ओलांडून चेंडू एका फटक्यात होलशी नेला आणि मागे वळूनही पाहिलं नाही.

फिशर अँड डोनाल्डसनचे फज डोनट सकाळीच घ्यावेत, दुपारपर्यंत संपतात.

रविवार: ओल्ड कोर्स आणि कथीड्रल

ओल्ड कोर्सवर रविवारी, मोठ्या स्पर्धा सोडल्या तर, गोल्फ नसतं. ओल्ड टॉम त्याबाबत हटून असे: माणसांना विश्रांती नको असेल, गवताला हवी. त्या दिवशी सगळं मैदान गावाचं. कुत्री, बाबागाड्या, डबे घेऊन आलेली कुटुंबं. बघण्यासाठी यासारखा दिवस नाही.

पहिल्या टीपासून बाहेर चालत जावं. ग्रीन्स प्रचंड का, ते कळतं. पूर्वी जाताना आणि येताना तेच होल वापरत. गर्दी वाढली तेव्हा एकेका ग्रीनवर दोन होल केले. जाताना पांढरे झेंडे, येताना लाल. अशी सात जोडग्रीन्स आहेत आणि जोडीच्या होलांची बेरीज नेहमी १८: दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा. स्विल्कन ओढ्याच्या छोट्या पुलावर फोटोसाठी रांग असते. या ओढ्याकाठी बायका कपडे धूत आणि गवतावर वाळत घालत. चेंडू कपड्यांवर पडला तर कपडे अलगद ओढून काढावेत, अशी तरतूद एकोणिसाव्या शतकातल्या नियमांत होती.

कथीड्रल मैदानापासून पंधरा मिनिटांवर, नॉर्थ स्ट्रीटच्या टोकाला. भग्न कमानींच्या आत, दक्षिणेकडच्या भिंतीत यंग टॉमचं स्मारक आहे. साठ गोल्फ क्लबांच्या वर्गणीतून ते १८७८ मध्ये उभं राहिलं. तो गेला २५ डिसेंबर १८७५ ला, चोविसाव्या वर्षी, तारेनंतर जेमतेम तीन-चार महिन्यांनी. दगडात तो ट्वीडचा कोट आणि ग्लेनगॅरी टोपी घालून फटका मारायच्या पवित्र्यात वाकलाय. समोर जमिनीलगत ओल्ड टॉमचा साधा दगड. तो १९०८ पर्यंत जगला, मुलानंतर तेहतीस वर्षं, आणि त्यातली बहुतेक याच गावच्या मैदानावर वाळू टाकत.

आम्ही गेलो तेव्हा स्मारकाच्या कडेवर तीन-चार आजचे चेंडू आणि लाकडी टी ठेवलेल्या होत्या. पाऊस नुकताच थांबला होता आणि चेंडूंच्या खळग्यांत पाणी साचलं होतं.